'नोकरी करतो' ह्या विधानाचा अर्थ : ब्रिटनमधील अपंगत्व-भत्त्याच्या मूल्यमापनातील एक प्रश्न

ब्रिटनमध्ये 'पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट' ह्या नावाने दिला जाणारा भत्ता नोकरी करणाऱ्या अपंग व्यक्तीलाही मिळतो आणि नोकरी नसणाऱ्या अपंग व्यक्तीलाही मिळतो. अर्जदाराचा पगार किती, त्याची शिल्लक किती, तो आठवड्यातून किती तास काम करतो, ह्यांपैकी कशावरही ह्या भत्त्याचा हक्क अवलंबून नाही. कायद्याची भाषा ह्या बाबतीत निःसंदिग्ध आहे. असे असूनही अर्ज नामंजूर होतो किंवा पूर्वी मिळत असलेला भत्ता कमी होतो, तेव्हा निर्णयपत्राच्या कारणमीमांसेत अर्जदाराच्या नोकरीचा उल्लेख वारंवार येतो. जी गोष्ट हक्काची अट नाही ती हक्काविरुद्धचा पुरावा कशी होते, हा ह्या लेखाचा विषय होय. प्रश्न वरकरणी प्रशासनाचा दिसतो. पण त्याच्या मुळाशी एका क्रियापदाच्या अर्थाचा प्रश्न आहे, आणि म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे लक्ष देणे अप्रस्तुत ठरू नये.

आरंभी एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. अपंगत्वासाठी दिल्या जाणाऱ्या आर्थिक साहाय्याचे दोन निराळे हेतू असू शकतात. बुडालेल्या मिळकतीची भरपाई करणे हा एक, आणि अपंगत्वामुळे वाढलेला खर्च भागविणे हा दुसरा. अमेरिकेत १९५६ साली सामाजिक सुरक्षेच्या कायद्यात अपंगत्व-विमा समाविष्ट झाला तो पहिल्या प्रकारचा आहे. तेथे अपंगत्वाची व्याख्याच मुळी 'भरीव अर्थार्जनाचे काम करण्याची असमर्थता' अशी आहे. २०२५ साली ह्या 'भरीव' कामाची मर्यादा अंध नसलेल्या व्यक्तीसाठी दरमहा १,६२० डॉलर मिळकत अशी होती. काम करून पाहण्यासाठी नऊ महिन्यांची मुभा दिली जाते हे खरे, पण तेथे नोकरी ही पुरावा नसून व्याख्येचा घटक आहे. ब्रिटनमध्येही ह्या जातीचे साहाय्य आहे. २००८ साली सुरू झालेला रोजगार व आधार भत्ता घेणाऱ्यास आठवड्यातून सोळा तासांहून कमी आणि ठराविक मिळकतीच्या आत असलेले कामच सामान्यतः करता येते. 'युनिव्हर्सल क्रेडिट' ह्या एकत्रित साहाय्यात ठराविक मर्यादेहून अधिक कमावणाऱ्याचे कार्यक्षमता-मूल्यमापनच होत नाही. मात्र त्याला प्रस्तुत भत्ता किंवा त्यासारखा दुसरा भत्ता मिळत असेल तर होते. ह्या योजनांत नोकरीचा परिणाम उघड, मोजता येणारा आणि आगाऊ सांगता येणारा असतो. अर्जदार आपल्या वेळेचा आणि पगाराचा हिशेब मांडून काय होईल ते ताडू शकतो.

प्रस्तुत भत्ता दुसऱ्या जातीचा आहे आणि त्यातील नोकरीचा परिणाम अप्रत्यक्ष आहे. म्हणूनच तो अधिक विचार करण्याजोगा आहे.

हा भत्ता २०१२ च्या कल्याण-सुधारणा अधिनियमानुसार एप्रिल २०१३ पासून जुन्या अपंगत्व-निर्वाह भत्त्याच्या जागी येऊ लागला. (स्कॉटलंडमध्ये २०२२ पासून नव्या अर्जांसाठी त्याच धर्तीचा स्वतंत्र भत्ता आहे.) २०१३ च्या नियमावलीच्या परिशिष्टात एकूण बारा क्रिया दिल्या आहेत. त्यांतील दहा दैनंदिन जीवनाच्या : स्वयंपाक करणे, अन्न सेवन करणे, औषधोपचार सांभाळणे, स्नान करणे, शौचविधी, कपडे घालणे व काढणे, बोलून व्यवहार करणे, वाचणे, इतरांशी समोरासमोर वागणे आणि पैशाविषयी निर्णय घेणे. उरलेल्या दोन हालचालीच्या : प्रवास आखून पार पाडणे आणि चालणे. प्रत्येक क्रियेखाली काही वर्णनवाक्ये असून प्रत्येक वाक्याला गुण नेमून दिलेले आहेत. उदाहरणार्थ, चालण्याच्या बाबतीत दोनशे मीटरहून अधिक चालू शकणाऱ्यास शून्य, पन्नास ते दोनशे मीटरपर्यंत चालू शकणाऱ्यास चार, साधनाशिवाय वीस ते पन्नास मीटर चालू शकणाऱ्यास आठ, तेवढेच अंतर साधनाच्या आधाराने चालू शकणाऱ्यास दहा गुण. एका विभागात आठ गुण झाले की साधा दर आणि बारा झाले की वाढीव दर. २०२५-२६ मध्ये दैनंदिन जीवनाचा साधा दर आठवड्याला ७३.९० पौंड व वाढीव दर ११०.४० पौंड, आणि हालचालीचे दर अनुक्रमे २९.२० व ७७.०५ पौंड असे होते.

बारांपैकी एकही क्रिया नोकरीची नाही. टंकलेखन नाही, ओझे उचलणे नाही, आठ तास बसणेही नाही. ही सर्व घरगुती माणसाची कामे आहेत. आणि नियमावलीने ती ज्या काटेकोरपणे कल्पिली आहेत तो पाहण्यासारखा आहे. स्वयंपाक म्हणजे ताज्या जिनसांपासून एका माणसापुरता एक पदार्थ शिजविणे, आणि तोही कमरेच्या उंचीवर किंवा तिच्या वर असलेल्या शेगडीवर. चुलीपुढे उकिडवे बसणाऱ्या माणसाचा विचार ह्या व्याख्येत अर्थातच नाही.

मग नोकरी येते कोठून? अर्जदार एक लांबलचक पत्रक भरून देतो. नंतर शासनाने नेमलेल्या कंपनीचा आरोग्य-व्यावसायिक त्याची मुलाखत घेतो आणि अहवाल लिहितो. त्या अहवालाच्या नमुन्यात अर्जदाराच्या सामाजिक व व्यावसायिक वृत्तान्तासाठी एक जागा राखलेली असते. 'काय काम करता, किती तास, कसे जाता' हे प्रश्न तेथे विचारले जातात. पुढे गुण देताना ह्या वृत्तान्तातील वाक्ये उचलली जातात. शासनाचा निर्णयाधिकारी बहुधा अर्जदारास पाहत नाही; तो अहवाल वाचतो. 'दुकानात गल्ल्यावर काम करतो, त्याअर्थी पैशाविषयी निर्णय घेऊ शकतो व लोकांशी वागू शकतो.' 'कचेरीत संगणकावर काम करते, त्याअर्थी बोटांची पकड पुरेशी आहे, भाजी चिरू शकते.' 'मोटार चालवीत कामावर जातो, त्याअर्थी प्रवास आखू शकतो.' तर्काची ही घडण सर्वत्र एकच आहे. पहिल्या वाक्यात क्रियापद रीतिवर्तमानाचे आहे, दुसऱ्यात 'शकणे' आहे, आणि मधल्या 'त्याअर्थी'वर सगळा भार आहे.

हा भार त्या शब्दाला पेलतो काय, हे पाहण्यासाठी प्रथम 'शकणे' म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. इंग्रजीत 'कॅन' हे एकच सहायक क्रियापद जे सांगते ते सांगण्यासाठी मराठीत निदान तीन निराळ्या रचना आहेत, आणि त्या एकमेकींच्या जागी सदैव चालत नाहीत. 'त्याला पोहता येते' ह्यात कौशल्य सांगितले आहे. 'तो पोहू शकतो' ह्यात एकंदर शक्यता सांगितली आहे. त्यात कौशल्यही बसते आणि परवानगीही बसते. 'त्याला पोहवते' ह्यात मात्र अंगातील ताकदीविषयी, सोसण्याविषयी विधान आहे. मोरो केशव दामले ह्यांच्या परंपरेतील व्याकरणांत ज्याला शक्य क्रियापद म्हणतात ते हे रूप. दुखऱ्या खांद्याच्या माणसाविषयी 'त्याला पोहता येते, पण आता पोहवत नाही' असे म्हणता येते आणि त्यात कोणताही विरोध भासत नाही. ह्या रूपाचा निषेधार्थी उपयोगच व्यवहारात अधिक आढळतो, हेही अर्थपूर्ण आहे. 'बसवत नाही', 'चढवत नाही', 'खाववत नाही' ही वाक्ये आजाऱ्याच्या खोलीतली आहेत. कर्ता येथे प्रथमेत राहत नाही; तो 'त्याला' किंवा 'त्याच्याने' असा होतो. जणू क्रियेवरील त्याचा ताबा सुटला आहे आणि ती त्याच्या ठिकाणी घडते किंवा घडत नाही एवढेच उरले आहे. (हेच रूप प्रयोजकाचेही असते, ही मराठीची एक गंमत. 'आई मुलाला चालवते' ह्या वाक्यातून 'आई' काढली की उरलेले 'मुलाला चालवते' हे मूल स्वतः चालण्याइतके धडधाकट असल्याचे विधान होते. आधार देणारी व्यक्ती वाक्यातून गळाली की अर्थ उलटा होतो, हे पुढच्या विवेचनात उपयोगी पडेल.)

आता नियमावलीकडे वळावे. तिच्या चौथ्या नियमाने 'करू शकणे' ह्यास चार क्रियाविशेषणे जोडली आहेत. क्रिया सुरक्षितपणे, ग्राह्य दर्जाची, पुनःपुन्हा आणि वाजवी वेळात करता आली तरच ती 'करता येते' असे धरावयाचे. पुनःपुन्हा म्हणजे ती क्रिया वाजवीपणे जितक्या वेळा करावी लागते तितक्या वेळा. वाजवी वेळ म्हणजे तशी व्याधी नसलेल्या माणसास लागणाऱ्या कमाल वेळाच्या दुपटीहून अधिक नाही. सुरक्षितपणे म्हणजे क्रिया चालू असताना किंवा ती संपल्यानंतर स्वतःला वा दुसऱ्याला इजा होण्याचा संभव नाही अशा रीतीने. ह्यातील 'संपल्यानंतर' हा शब्द निसटून जाण्यासारखा असला तरी मोलाचा आहे. परीक्षकांसाठी असलेल्या शासकीय मार्गदर्शिकेत वेदना आणि थकवा ह्यांचा साचत जाणारा परिणाम लक्षात घ्यावा असे सांगितले आहे. एक क्रिया केल्यामुळे त्यानंतरची दुसरी करण्याची ताकद उरते की नाही, हे पाहणे त्यात आले. थोडक्यात, कायद्याला अभिप्रेत असलेला अर्थ 'पोहता येते' ह्यापेक्षा 'पोहवते' ह्याला अधिक जवळचा आहे. इंग्रजीला ह्या अर्थाचे स्वतंत्र रूप नसल्यामुळे कायदेकारांना ते चार क्रियाविशेषणांनी बांधावे लागले, असे म्हटले तरी चालेल.

उलटपक्षी, 'नोकरी करतो' ह्या वाक्यात ह्या चारांपैकी एकही गोष्ट सांगितलेली नसते. रीतिवर्तमान क्रिया वारंवार घडते एवढेच सांगतो. ती कशी घडते, काय सोसून घडते, कोणाच्या मदतीने घडते आणि ती घडल्यावर माणसाचे काय होते, ह्यांविषयी तो मुका असतो. 'ती पाच वर्षे ग्रंथालयात काम करते' हे वाक्य खरे ठरण्यास तिने रोज काम करावे लागत नाही, रजा घेतली तरी ते खोटे होत नाही, आणि घरी येऊन ती अंथरुणावर पडून राहिली तरीही ते खरेच राहते.

क्रिया प्रत्यक्ष घडली ह्यावरून सामर्थ्य सिद्ध होते काय, ह्या प्रश्नाची चर्चा तत्त्वज्ञान आणि अर्थविचार ह्या दोन्ही क्षेत्रांत झालेली आहे. अँथनी केनी ह्यांनी १९७५-७६ च्या सुमारास हे दाखवून दिले की, निशाणावर बाण फेकण्याच्या खेळात एखाद्या अगदी कच्च्या खेळाडूचा एखादा बाण मध्यबिंदूवर लागला म्हणून त्याला मध्यबिंदू वेधता येतो असे होत नाही. घडणे आणि येणे ह्यांत अंतर आहे. राजेश भट्ट ह्यांनी १९९९ च्या आपल्या प्रबंधात हिंदीसह अनेक भाषांच्या आधारे ह्या अंतराची दुसरी बाजू दाखविली. सामर्थ्यवाचक क्रियापद पूर्णत्ववाचक रूपात आले की क्रिया प्रत्यक्ष घडल्याचा अर्थ निघतो. रीतिवाचक रूपात आले की निघत नाही. मराठीतही 'काल तो दोनशे मीटर चालू शकला' म्हणजे तो चाललाच. 'तो दोनशे मीटर चालू शकतो' ह्यातून तो कधी चालला असेलच असे नाही. मुलाखतीत अर्जदार जे सांगतो ते पुष्कळदा पहिल्या जातीचे असते : काल कामावर जाऊ शकलो. अहवालात जे उतरते ते दुसऱ्या जातीचे असते : कामावर जाऊ शकतो. इंग्रजीच्या सहायक क्रियापदांत हा भेद पुसट असल्यामुळे हे स्थित्यंतर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

कोणी म्हणेल, एक दिवस चालणे आणि आठवड्यातून पाच दिवस कामावर जाणे ह्यांत फरक आहे. पुनरावृत्ती हीच तर 'पुनःपुन्हा' ह्या अटीची पूर्ती नव्हे काय? ह्या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण येथे आपल्याकडील नैयायिकांनी सांगितलेला उपाधीचा विचार फार कामाचा आहे. धूर दिसला तर अग्नीचे अनुमान करता येते. अग्नी दिसला तर धुराचे अनुमान मात्र करता येत नाही, कारण धूर व्हावयास ओले सरपण लागते. ओल्या सरपणाचा संयोग ही ती उपाधी. नोकरीवरून सामर्थ्याचे अनुमान करणारा परीक्षक अशाच एखाद्या उपाधीकडे दुर्लक्ष करीत असतो. कामाच्या ठिकाणी टेबलाची उंची बदलून दिलेली असते, पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारे यंत्र असते, मधून मधून आडवे होण्यास जागा असते, जड फाईल आणून देणारा सहकारी असतो. २०१० च्या समानता अधिनियमाने मालकावर असे वाजवी फेरफार करण्याचे कर्तव्यच घातलेले आहे, आणि १९९४ पासून चालू असलेल्या 'ॲक्सेस टू वर्क' ह्या योजनेतून मदतनीस, साधने, प्रवास ह्यांचा खर्च मिळू शकतो. नोकरी चालते ती ह्या उपाधींसह. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात ह्यांपैकी काहीच नसते.

अपस्माराच्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. अपस्मार असलेला एक कारकून कल्पावा. कचेरीत त्याच्या आसपास सतत चार माणसे असतात. झटका आला तर काय करावे हे त्यांना ठाऊक असते. तो वर्षानुवर्षे विनातक्रार काम करतो. आता नियमावलीत 'देखरेख' ह्या शब्दाची व्याख्या सुरक्षिततेसाठी दुसऱ्या व्यक्तीची अखंड उपस्थिती अशी आहे. कचेरीतील चार सहकारी ही व्याख्या आपसूक पूर्ण करतात. पण त्यांच्या पगारपत्रकावर देखरेखीचा उल्लेख नसतो आणि कारकुनाच्या वृत्तान्तातही त्यांचे नाव येत नाही. वर उल्लेखिलेल्या प्रयोजकाप्रमाणे आधार देणारी व्यक्ती वाक्यातून गळते आणि 'काम करतो' हे एकटे उरते. सायंकाळी हाच माणूस एकटा स्नानास जातो तेव्हा काय, हा प्रश्न २०१७ साली वरिष्ठ न्यायाधिकरणाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे आलेल्या प्रकरणांत चर्चिला गेला. (ते अर्जदार कोण व काय काम करीत, हा येथे मुद्दा नाही.) तोपर्यंत शासन 'इजा होण्याचा संभव नाही' ह्याचा अर्थ झटका येण्याची शक्यता निम्म्याहून कमी असली की पुरे, असा करीत असे. पीठाने हा अर्थ नाकारला. इजेची शक्यता किती एवढेच न पाहता ती इजा झालीच तर किती गंभीर असेल हेही पाहिले पाहिजे, आणि दुर्लक्ष करता येणार नाही असा वास्तविक संभव असला की क्रिया सुरक्षित नव्हे, असा निर्वाळा त्याने दिला. न्हाणीघरात आगीची घंटा ऐकू न येणाऱ्या कर्णबधिर व्यक्तीचा प्रश्नही त्याच निर्णयात होता. एका क्रियाविशेषणाच्या अर्थावर किती माणसांचा हक्क उभा असतो, ह्याचे हे ठळक उदाहरण आहे.

दिवसांच्या गणनेतही असाच एक सापळा आहे. सातव्या नियमाप्रमाणे एखादे वर्णनवाक्य अर्ध्याहून अधिक दिवशी लागू पडले पाहिजे. त्यासाठी त्या दिवशीचा चोवीस तासांचा काळ त्या अवस्थेत गेला पाहिजे असे नाही. दिवसाच्या कोणत्या तरी टप्प्यावर अडचण जाणवली, आणि ती नगण्य नसली, तरी तो दिवस मोजला जातो. संधिवाताचा रुग्ण सकाळी बसथांब्यापासून कचेरीपर्यंत दीडशे मीटर चालतो आणि सायंकाळी त्याच रस्त्याने त्याला चाळीस मीटरही चालवत नाही, असे असेल तर मोजावयाची ती सायंकाळ. नोकरीचा वृत्तान्त मात्र स्वभावतःच सकाळचा असतो. माणूस कामावर पोहोचला हे नोंदले जाते. तो परत कसा आला, हे कोणत्याही हजेरीपुस्तकात नसते.

ह्यावरून नोकरीचा पुरावा सर्वस्वी त्याज्य आहे असे मात्र म्हणता येणार नाही, आणि तसे म्हणणाऱ्या अर्जदारांच्या कैवाऱ्यांशी सहमत होणे कठीण आहे. आपल्याला अनोळखी माणसाशी दोन वाक्येही बोलवत नाहीत असे सांगणारा अर्जदार जर दिवसभर तिकीटखिडकीवर बसत असेल, तर परीक्षकाने त्याविषयी विचारू नये असे कसे म्हणावे? पुरावा विशिष्ट असेल, आणि कामातील कृती व परिशिष्टातील क्रिया ह्या खरोखर एकजातीय असतील, तर अनुमान ग्राह्य आहे. आक्षेप आहे तो नोकरीच्या नावावरून केलेल्या अनुमानास. 'शिक्षिका' हे नाव आहे. त्यात उभे राहणे किती, बसणे किती, फळ्यावर लिहिणे किती, हे काहीच नाही. आणि तिकीटखिडकीच्या उदाहरणातही एक वळण आहेच. काचेपलीकडील माणसाशी ठराविक चार वाक्यांची देवघेव म्हणजे नियमावलीतील 'इतरांशी वागणे' काय? त्यातील व्याख्येप्रमाणे प्रसंगोचित रीतीने संबंध ठेवणे, शरीराची भाषा ओळखणे आणि नाते जुळविणे ह्या तिन्हींचा त्यात अंतर्भाव आहे. तिकीट विकण्यास नाते जुळवावे लागत नाही.

ह्याच क्रियेखालील दोन वर्णनवाक्यांतील भेद २०१९ च्या जुलैमध्ये थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका वाक्यात 'सूचन' लागते त्याला दोन गुण, दुसऱ्यात 'सामाजिक आधार' लागतो त्याला चार. नुसते प्रोत्साहन देणे हाही सामाजिक आधार होऊ शकतो काय, आणि तो प्रत्यक्ष भेटीच्या वेळीच मिळाला पाहिजे काय, असे प्रश्न होते. न्यायालयाने ठरविले की, तशा कामाचे शिक्षण वा अनुभव असलेल्या व्यक्तीकडूनच ते प्रोत्साहन मिळणे अर्जदारास आवश्यक असेल तर तोही सामाजिक आधारच होय. आणि आधार व भेट ह्यांत काही कालसंबंध असावा लागला तरी दोन्ही एकाच क्षणी घडली पाहिजेत असे नाही. नोकरदार अर्जदाराच्या दृष्टीने ह्याचा अर्थ मोठा आहे. रविवारी सायंकाळी मानसोपचार-परिचारिकेशी बोलल्यामुळेच जो सोमवारी गिऱ्हाइकांना तोंड देतो, त्याची सोमवारची हजेरी ही त्याच्या स्वावलंबनाची साक्ष नव्हे. ती रविवारच्या आधाराची साक्ष असू शकते.

आणखी एका शब्दाचा येथे निर्देश केला पाहिजे. मुलाखतीत 'कामाचे कसे चालले आहे?' असे विचारले असता इंग्रजीत 'आय मॅनेज' असे उत्तर देण्याची सर्वसाधारण रीत आहे. लौरी कार्तुनेन ह्यांनी १९७१ साली अशा क्रियापदांचे जे विश्लेषण केले, त्यानुसार 'मॅनेज' ह्या क्रियापदातून दोन गोष्टी निघतात. क्रिया घडली, हे त्यातील विधान; आणि ती घडविण्यास कष्ट पडले, हे त्यातील गृहीत. अहवाल लिहिणारा विधान तेवढे उतरवून घेतो आणि गृहीत सोडून देतो. मराठीभाषक ह्याच जागी 'निभावून नेतो', 'कसेबसे जमवतो', 'ओढतो आहे' असे काही म्हणेल, आणि त्यातील कष्टाचा भाग इतका उघड असतो की तो गाळून भाषांतर केले तर ते चूक म्हणूनच ओळखू येईल. परंतु ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला मराठी माणूस इंग्रजीत मुलाखत देतो तेव्हा तोही 'मॅनेज'च म्हणतो. त्यातही आपले गाऱ्हाणे परक्यापुढे मांडू नये हा संस्कार आड येतो, आणि उत्तर आणखी थोडे सपाट होते.

ह्या सगळ्याचे प्रत्यक्ष परिणाम काय होतात ते हालचालीच्या वाढीव दराच्या बाबतीत विशेष दिसून येतात. हा दर मिळणाऱ्यास १९७७ साली स्थापन झालेल्या 'मोटॅबिलिटी' योजनेतून भत्त्याच्या मोबदल्यात मोटार भाड्याने मिळू शकते. आता अनुमानाची साखळी पाहावी. भत्ता मिळाला म्हणून मोटार मिळाली. मोटार मिळाली म्हणून कामावर जाता आले. कामावर जातो ह्यावरून हालचाल करू शकतो असे ठरले. तसे ठरले म्हणून भत्ता कमी झाला. भत्ता कमी झाला म्हणून मोटार परत गेली. आणि मोटार गेल्यावर काम राहिले नाही. कार्य हेच कारणाच्या अनावश्यकतेचा पुरावा मानले, की तर्काचा असा आत्मघात होतो. कुबडीच्या आधाराने चालणाऱ्याला, तू चालतोस तेव्हा कुबडी कशाला, असे म्हणण्यासारखेच हे आहे. गंमत अशी की नियमावली स्वतः ही चूक करीत नाही. तीत साधनाची गरज असणे हेच गुण मिळविण्याचे कारण आहे. मदतीची यादी, बदललेली पाळी, वैद्यकीय रजेचा हिशेब, 'ॲक्सेस टू वर्क'चे मंजुरीपत्र ही सर्व जर मूल्यमापनात आली, तर तीच नोकरी अर्जदाराच्या बाजूचा पुरावा ठरू शकते. एकच वस्तुस्थिती दोन्ही पक्षांना वापरता येते, आणि कोणाला ती लाभेल हे वाक्यात क्रियाविशेषणे ठेवली की गाळली ह्यावर ठरते.

नोकरी करून पाहिली तर भत्ता जाईल, ही भीती अपंगांमध्ये खोलवर आहे हे शासनानेही ओळखले आहे. मार्च २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केलेल्या हरितपत्रात, केवळ नोकरी स्वीकारणे हे फेरमूल्यमापनाचे कारण मानले जाणार नाही अशी कायदेशीर तरतूद करण्याचा मनोदय व्यक्त केला होता. अशा तरतुदीने फेरमूल्यमापन केव्हा व्हावे ह्याचे उत्तर मिळते. ठरलेल्या मुदतीने ते झालेच, तर त्यात 'नोकरी करतो' हे वाक्य कसे वाचावे, ह्याचे उत्तर तिच्यात नाही.

ते उत्तर सध्या प्रत्येक प्रकरणात स्वतंत्रपणे शोधावे लागते. निर्णय अमान्य असलेल्या अर्जदाराने प्रथम त्याच खात्याकडे फेरविचार मागावयाचा असतो, आणि तो केल्यावरच त्यास प्रथमस्तर न्यायाधिकरणाकडे जाता येते. न्यायाधिकरणापुढे मुलाखत पुन्हा एकदा, पण निराळ्या प्रकारे होते. पीठावर न्यायाधीशाबरोबर सामान्यतः एक वैद्य आणि अपंगत्वाचा अनुभव असलेली एक व्यक्ती असते. तेथे 'काम करता काय' ह्या प्रश्नापाशी थांबून चालत नाही. किती वाजता उठता, तयार व्हावयास किती वेळ लागतो, डबा कोण भरते, कचेरीत जिना आहे की उद्वाहक, मधल्या सुट्टीत काय करता, घरी आल्यावर पहिली गोष्ट कोणती करता, असे विचारावे लागते. आणि अर्जदाराने रीतिवर्तमानात दिलेले उत्तर कालच्या, परवाच्या आणि गेल्या मंगळवारच्या भूतकाळात उलगडून घ्यावे लागते.